जीव टांगणीला

१९६६ सालचा एप्रिल महिना, वीस तारीख, वार बुधवार. त्या रात्री आठच्या सुमाराला अमेरिकेतल्या घराघरांतल्या टेलिव्हिजनवर एक पोरगा एका अगडबंब घंटेत अडकवलेला दिसत होता. घंटेत म्हणजे, घंटेच्या आत तो टोले देणारा लोखंडी लोलक असतो ना, त्या लोलकाला करकचून बांधलेला. अंगात लाल बंडी, खाली हिरवी चड्डी, पाठीवर पिवळं उपरणं आणि डोळ्यांभोवती एक काळसर पट्टी. टोल पडायची वेळ अगदी जवळ आलेली. टोल पडला म्हणजे काय होणार हे समजायला फारशी अक्कल लागत नाही. घंटा वाजणार, आणि ती या पोराच्या डोक्याने वाजणार.

आणि नेमका तिथंच कार्यक्रम संपला.

संपला म्हणजे काय, एक घाईघाईतला भारदस्त आवाज आला. आता याचं काय होणार, ही याची शेवटची घंटा तर नव्हे, असले अभद्र प्रश्न त्याने विचारले आणि वर सांगितलं, की उद्या याच बॅट-वेळी याच बॅट-वाहिनीवर भेटा. आपले हरदासबुवा पूर्वरंग संपवून बुक्का लावून घ्यायला थांबतात, तसाच हा थांबण्याचा प्रकार. फरक एवढाच, की बुवा थांबतात तेव्हा आख्यानातलं कुणी घंटेला बांधलेलं नसतं.

हा मुलगा म्हणजे रॉबिन. बॅटमॅनचा धाकटा जोडीदार. त्या वेळी त्याचा हा कार्यक्रम एबीसी या वाहिनीवर आठवड्यातून दोनदा दाखवीत, बुधवारी आणि गुरुवारी, अर्धा-अर्धा तास. १२ जानेवारी १९६६ ला सुरू झाला, १४ मार्च १९६८ ला संपला, आणि तेवढ्यात एकशे वीस भाग झाले. बुधवारी अडकायचं आणि गुरुवारी सुटायचं, हा या जोडीचा नेम. आमच्याकडे काही लोक गुरुवार करतात, तसे हे बुधवार करीत. तो भारदस्त आवाज होता विल्यम डोझियर यांचा. हे स्वतःच कार्यक्रमाचे निर्माते. म्हणजे ज्याने पोराला घंटेत बांधायला लावलं तोच बाहेर येऊन विचारतोय, अरेरे, आता याचं काय होणार हो? असला निगरगट्टपणा मी फक्त लग्नातल्या आचाऱ्यांत पाहिला आहे. स्वतःच भात कमी टाकतात आणि पंगतीत येऊन विचारतात, का हो, भात कमी पडला का?

या कार्यक्रमाबद्दल आजवर जे लिहिलं गेलं त्यातलं पुष्कळसं एकाच वाक्यात सांगता येतं, ते म्हणजे हा सगळा चावटपणा होता. आणि चावटपणा होताच. मारामारी सुरू झाली की पडद्यावर ‘पॉव’, ‘झॅप’ अशी मोठमोठी रंगीत अक्षरं उमटत. गुंडांच्या अड्ड्यात गेलं की कॅमेरा वाकडा होई, कारण तिथली माणसं वाकडी. दोघे दोर धरून इमारतीची भिंत चढताना दाखवीत, म्हणजे जमिनीवर आडव्या भिंतीवरून ते सरळ चालत जात आणि कॅमेरा आडवा केलेला असे. मधेच खिडकी उघडून एखादा बडा नट डोकं बाहेर काढून चौकशी करी. बॅटमॅनच्या गुहेतल्या प्रत्येक यंत्रावर पाटी असे. आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ‘रवा’, ‘तूरडाळ’ अशा चिठ्ठ्या असतात तशी. बॅटमॅनला म्हणे जगातलं सगळं ज्ञान होतं, पण पाटीशिवाय त्याला स्वतःचं यंत्र ओळखता येत नसावं.

ही गंमत डोझियर यांनी ठरवून केली होती. मोठ्यांनी हसावं आणि मुलांनी जीव मुठीत धरून बघावं, असा दुहेरी बेत. टीकाकार मंडळी मोठी असल्यामुळे त्यांनी हसण्याबद्दल भरपूर लिहिलं. माझं म्हणणं असं, की खरा कार्यक्रम हसण्याचा नव्हताच. खरा कार्यक्रम होता त्या पोराच्या गळ्यात दर बुधवारी पडणारा फास. बाकी सगळी सजावट. भिंत चढणं काढून टाका, ‘झॅप’ काढून टाका, फार तर थोडं चुकल्यासारखं वाटेल. रॉबिनला संकटातून काढून टाका, की शिल्लक राहतो एक पोक्त गृहस्थ, विचित्र कपडे घालून शहरात हिंडणारा. अशाला पोलीस सलाम करीत नाहीत, चौकीवर नेतात.

आता ती संकटं तरी काय एकेक होती! पिस्तुलाने गोळी घालावी आणि मोकळं व्हावं, हा साधा विचार गॉथम शहरातल्या एकाही गुंडाच्या डोक्यात येत नाही. येईल कसा? गोळी घातली की गुरुवार बुडाला. त्यामुळे ही मंडळी माणूस मारण्यापेक्षा त्याची पाककृती करण्याच्या मागे असतात. एकाने दोघांना उकळत्या मेणाच्या कढईवर टांगलं. दुसऱ्याने त्यांचं आइसफ्रूट करायला घेतलं. तिसऱ्याने वाळूच्या राक्षसी घड्याळात कोंडून वरून वाळू सोडली. एका भागात रॉबिनला गादी शिवायच्या यंत्राखाली निजवलंय आणि वरून हातभर लांबीच्या सुया खालीवर होताहेत. कॅटवुमन नावाच्या बाईने तर कमाल केली. एक मोठा तवा, त्यावर हे दोघे जखडलेले, आणि वर भली थोरली भिंगं लावून उन्हाने भाजायचा बेत. सूर्याची आच, भिंगाचा झोत, खाली तवा. गॅस नको, रॉकेल नको. आणि सुटका कशी? तर ऐन वेळी सूर्यग्रहण लागलं. बॅटमॅनला ते आधीपासून ठाऊक होतं म्हणे. आमच्याकडे ग्रहण सुटावं म्हणून ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ असं ओरडत फिरतात. तिथे ग्रहण लागलं म्हणून माणसं सुटली.

अशीच एकदा जोकरने दोघांना विजेच्या खुर्चीवर बसवून त्या खुर्च्यांच्या तारा एका जुगाराच्या यंत्राला जोडल्या होत्या. चित्रं जुळली की झटका. चित्रं जुळली, आणि त्याच क्षणी अख्ख्या शहराची वीज गेली. हे दृश्य तिकडच्या प्रेक्षकांना अशक्य कोटीतलं वाटलं असेल. आपल्याला मुळीच वाटत नाही. आमच्या गावी जोकरने ही खुर्ची बसवली असती तर त्याला आधी वेळापत्रक बघावं लागलं असतं.

एक मात्र मान्य केलं पाहिजे, की सुटका ही नेहमीच संकटापेक्षा मिळमिळीत असे. बुधवारचं डोकं आणि गुरुवारचं डोकं वेगळं वाटावं इतका फरक. कमरेच्या पट्ट्यातून काहीतरी निघे, किंवा ग्रहण लागे, किंवा वीज जाई. शिवाय यंत्र चालू केल्यावर गुंड मंडळी तिथे थांबतच नसत. खटका दाबायचा, विकट हसायचं आणि दुसऱ्या कामाला निघून जायचं. साहेबांनी फायलीवर सही करावी आणि पुढे काम झालं की नाही हे बघायला पुन्हा कधी फिरकू नये, त्यातलाच हा प्रकार. कार्यक्रमात जे काही कल्पनेचं वैभव होतं ते अडकवण्यात खर्च झालं. सोडवण्यापुरते पैसे उरले नाहीत.

पण या सगळ्यावर ताण म्हणजे शिंपल्याचं प्रकरण. १९६७ च्या जानेवारीत जोकर आणि पेंग्विन यांनी मिळून एक तीन भागांची मोहीम काढली. तीन भाग म्हणजे बुधवार, गुरुवार आणि पुढचा बुधवार. दुसऱ्या भागाच्या शेवटी बॅटमॅन, रॉबिन आणि व्हीनस नावाची एक बाई अशा तिघांना पाण्याच्या हौदात साखळदंडांनी बांधलंय, आणि हौदात आहे एक माणूस खाणारा शिंपला. आपल्या तिसऱ्यांचा पणजोबा म्हणा. तो शिंपला उघडतो आणि रॉबिनला गिळायला लागतो. कार्यक्रम संपला.

तो दिवस होता गुरुवार, १२ जानेवारी. पुढचा भाग १८ जानेवारीला. एरवी पोराला चोवीस तास टांगून ठेवीत, इथे तो सहा दिवस शिंपल्याच्या तोंडात! मी कोकणी मुलखातली माणसं पाहिली आहेत. तिसऱ्यांची एकशिपी करून दोन-दोन ताटं संपवणारी. शिंपल्याने माणूस खाण्याचा हा एवढाच प्रसंग माझ्या माहितीत आहे, आणि न्यायाच्या दृष्टीने तो कधीतरी व्हायलाच हवा होता असंही वाटतं. पण त्या सहा दिवसांचा विचार केला की हसू जरा आवरतं. शुक्रवारी शाळा. शनिवार, रविवार घरी. सोमवारी पुन्हा शाळा. एखादा सात वर्षांचा मुलगा दूध पिताना, गणितं करताना, अंथरुणात पडल्यावर आठवतोय, की रॉबिन अजून आतच आहे. घरातले मोठे म्हणताहेत, अरे वेड्या, तो शिंपला रबराचा असतो. शिंपला रबराचा असेल हो. ते सहा दिवस रबराचे नव्हते.

आता प्रश्न असा, की हे सगळं याच पोराच्या वाट्याला का? संकटात बॅटमॅनही सापडे, नाही असं नाही. पण बॅटमॅन संकटात असला की तो संकटात आहे असं वाटतच नाही. भिंगाखाली तव्यावर तो अशा चेहऱ्याने पडलेला असतो, की दाढी करून घ्यायला आलाय. अ‍ॅडम वेस्ट या नटाचं हे मोठं कसब. त्याने एकदाही प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला नाही. सगळा वेडेपणा तो मुख्याध्यापकाच्या गांभीर्याने करीत राहिला. गाडीत बसलास की पट्टा बांध, व्याकरण सांभाळ, पियानोचा रियाज चुकवू नकोस, असे उपदेश तो गुंडांचा पाठलाग करताना करतो. अशा माणसासाठी कुणाचा जीव खालीवर होणार? भ्यायचं काम दुसऱ्या कुणाला तरी देणं भाग होतं.

खरं तर रॉबिनचा जन्मच जोड म्हणून झाला. १९४० साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या अडतिसाव्या अंकात तो पहिल्यांदा आला. त्याआधीचं वर्षभर बॅटमॅन एकटाच. बिल फिंगर या त्याच्या लेखकाची अडचण अशी, की एकट्या माणसाने बोलावं कुणाशी? शेरलॉक होम्सला वॉटसन, तसा याला हा पोरगा दिला. म्हणजे नेमणूक झाली बोलायला, आणि काम मिळालं ओलीस राहायचं. नोकरीत असं पुष्कळांचं होतं.

त्याही मागे एक परंपरा आहे. मूकपटांच्या काळात तुकड्यातुकड्यांनी दाखवायचे मोठे चित्रपट असत. १९१४ सालच्या ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’ची नायिका पर्ल व्हाइट दर तुकड्यात नव्या संकटात सापडे. तेव्हा हे बायकांचं खातं होतं. गॉथममध्ये नायिकाच नव्हती, म्हणून ते रॉबिनकडे आलं. घरातल्या हॅरिएट आंटीला एकदा पेटलेल्या तेलाच्या हौदावर टांगून पाहिलं त्यांनी, पण वयस्कर बाई, दर आठवड्याला कसं जमणार? लिहिणाऱ्यांना ही परंपरा चांगली ठाऊक असावी. कारण रिडलरच्या एका गोष्टीत तो गुंड स्वतःच मूकपट काढायला निघालेला दाखवलाय, आणि त्यात रॉबिनला लाकडाच्या वखारीत सरकत्या पट्ट्यावर बांधून फिरत्या करवतीकडे पाठवतो. गुरुवारी कळतं, की पट्ट्यावरचा तो रॉबिन नव्हताच, बाहुला होता. पुढे त्या पहिलवान बॅटमॅनला करवतीकडे धावताना बघून मला पहिल्यांदाच त्याची थोडी दया आली.

रॉबिन मुळात मठ्ठ नाही, हेही सांगायला हवं. रिडलरची कोडी पुष्कळदा तोच सोडवतो, तीही बॅटमॅनच्या आधी. पहिला नंबर काढणारा मुलगा आहे. पण त्याचा खरा गुण म्हणजे तो घाबरतो, आणि मोकळेपणाने घाबरतो. काहीही झालं की त्याच्या तोंडून ‘होली’ अमुक, ‘होली’ तमुक असा उद्गार निघतो. असे शेकडो उद्गार त्याने काढले. होली म्हणजे पवित्र वगैरे, पण आपल्या कानांना ती होळीच ऐकू येते, आणि त्यात फारसं बिघडत नाही. कारण तो जे करतो त्याला आपल्याकडे बोंब मारणं असंच म्हणतात. बॅटमॅनची छाती दडपत नाही, पोलीस कमिशनर फक्त फोन उचलतात, चीफ ओ’हारा टोपी सावरतात. त्या अख्ख्या शहरात एकटा हा पोरगा बोंब मारतो. म्हणून बघणाऱ्या मुलांना तो आपला वाटला. बॅटमॅन म्हणजे वडील. वडील व्हायला अजून वेळ होता. रॉबिन व्हायला फक्त घरातला टॉवेल गळ्याला बांधावा लागे.

पहिल्याच भागात या नात्याचा सगळा न्याय-अन्याय आलेला आहे. बॅटमॅनला चौकशीसाठी एका नाचघरात जायचंय. रॉबिन अल्पवयीन, म्हणून त्याने बाहेर गाडीत बसायचं. नियम म्हणजे नियम. आत बॅटमॅन संत्र्याचा रस पितो, त्यात गुंगीचं औषध असतं, आणि मग तो जो काही नाचतो तो स्वतंत्र विषय आहे. इकडे बाहेर गाडीत एकटा बसलेला रॉबिन पळवला जातो, आणि भागाच्या शेवटी रिडलरच्या अड्ड्यात त्याचं डोकं एका शेगड्यात, म्हणजे लोहाराकडे लोखंड धरायला असतो तसल्या पकडीत, आवळलेलं दिसतं. नाचघरात जायला अज्ञान, पण शेगड्यात डोकं द्यायला सज्ञान. कायद्याचं इतकं काटेकोर पालन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता यातली एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही, आणि ती कळल्यापासून मला हा कार्यक्रम नुसता हसत बघता येत नाही. रॉबिनचं काम करणारा बर्ट वॉर्ड हा सुरुवातीला वीस वर्षांचा होता. वॉर्ड हे त्याने घेतलेलं नाव. योगायोग बघा, इंग्रजीत पाल्याला वॉर्ड म्हणतात, आणि रॉबिन हा बॅटमॅनचा पाल्य. पण तिसराही एक वॉर्ड या मुलाच्या नशिबी होता, तो इस्पितळातला. १९९५ साली त्याने आपलं आत्मचरित्र काढलं, पुढे मुलाखतीही पुष्कळ दिल्या, आणि हकिकत सांगितली ती अशी. चित्रीकरणाचा पहिलाच दिवस. गुहेतून ती प्रसिद्ध गाडी भरधाव बाहेर येऊन वळण घेणार. शेजारी बॅटमॅनच्या वेषात बसलेला माणूस अ‍ॅडम वेस्ट नव्हे, तर स्टंटमन. वॉर्डने विचारलं, मग माझ्या जागी स्टंटमन का नाही? उत्तर मिळालं, की अंगावर धोका आहे म्हणून वेस्टच्या जागी स्टंटमन घेतलाय. पण तुझा चेहरा दिसतो, तुझ्या जागी दुसरा कसा चालेल? गाडीने वळण घेतलं, त्याच्या बाजूचं दार उघडलं, आणि आधाराला धरलेल्या दांडीत त्याच्या हाताचं बोट अडकून सांध्यातून निखळलं. आधी शॉट पुरा झाला. मग इस्पितळ.

आणि हा प्रकार पुढेही चालू राहिला. कुठे स्फोटाचं काहीतरी उडून लागलं, कुठे भाजलं. पगार सुरुवातीला आठवड्याला साडेतीनशे डॉलर, असं तो सांगत आला आहे.

जरा विचार करा. बॅटमॅनच्या तोंडावर अर्धा चेहरा झाकणारा टोप. त्यात कुणालाही घाला. रॉबिनच्या डोळ्यांभोवती नुसती पट्टी. या चार बोटं कापडाच्या फरकाने ठरलं, की कुणाचा धोका खोटा आणि कुणाचा खरा. गॉथम शहरातल्या एकाही माणसाला त्या पट्टीमागचा मुलगा ओळखता येत नाही, घरच्या हॅरिएट आंटीलाही नाही, असं एकशे वीस भाग आपल्याला सांगितलं जातं. आणि पडद्यामागे सांगतात, तुझा चेहरा लोक ओळखतील! रबराचे शिंपले, खोट्या करवती, रंगवलेल्या भिंती, मिशीवर पांढरा रंग फासलेला जोकर. हो, सीझर रोमेरोने मिशी काढायला साफ नकार दिला होता, ती रंगाखाली स्पष्ट दिसते. मोठ्या नटाची मिशीसुद्धा सांभाळली गेली. या सगळ्या खोट्यात खरं काय होतं, तर त्या पोराची जखम. तो पडद्यावर जे ओरडतो त्यातलं काही अभिनय नसावं.

तिसऱ्या वर्षी कार्यक्रम आठवड्यातून एकदाच दाखवायला लागले. बॅटगर्ल नावाची मुलगी आली, यव्होन क्रेग हिने ते काम छान ठसक्यात केलं, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण बहुतेक गोष्टी एकाच भागात संपायला लागल्या. संकट आलं, जाहिरात झाली, संकट गेलं. मधली रात्र नाहीशी झाली. पैसे कमी पडले, नेपथ्य काळ्या पडद्यावर आलं, प्रेक्षक घटले, ही सगळी कारणं सांगतात आणि ती खरीच असतील. मला मात्र वाटतं, की मधली रात्र गेली तिथंच प्राण गेला. पोराला घंटेत बांधण्यात काही विशेष नाही, बांधून ठेवून तुम्ही झोपायला गेलात, यात सगळं आहे. आता तर काय, बुधवार आणि गुरुवार एकाच तबकडीवर मिळतात. २०१४ साली सगळे भाग स्वच्छ करून विक्रीला आले. बघताना रॉबिन शिंपल्यात गेला, की आपण खटका दाबतो, अर्ध्या मिनिटात तो बाहेर. सहा दिवसांचं अर्धं मिनिट झालं. म्हणूनच आज बघणाऱ्याला हा नुसता चावटपणा वाटतो.

त्या मधल्या रात्रीत एक करार होता. कुणी लिहून दिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. पोराला काहीही करा, कढईवर टांगा, करवतीखाली घाला, पण उद्या वेळेवर कुणीतरी येईल. मुलं भीत ती याच भरवशावर. हा करार पुढे कुणी मोडला ते सांगून थांबतो.

कॉमिकमध्ये पहिला रॉबिन, डिक ग्रेसन, मोठा होऊन आपल्या वाटेने गेला. त्याच्या जागी १९८३ साली दुसरा मुलगा आला, जेसन टॉड. हा जरा उर्मट, तोंडाळ, ऐकून न घेणारा. वाचकांपैकी पुष्कळांना तो आवडेना. तेव्हा १९८८ साली प्रकाशकांनी एक युक्ती काढली. गोष्टीत जोकर त्या मुलाला पहारीने मारतो, मग स्फोट होतो, आणि अंक तिथंच थांबतो. पुढे दोन टेलिफोन नंबर दिले. मुलगा जगावा असं वाटत असेल तर या नंबरावर फोन करा, मरावा असं वाटत असेल तर त्या. फोनचे पन्नास सेंट. दीड दिवस दोन्ही नंबर चालू होते. जगावा म्हणणारे निघाले पाच हजार दोनशे एकाहत्तर. मरावा म्हणणारे पाच हजार तीनशे त्रेचाळीस. बहात्तर फोनांनी मुलगा मेला.

पुढच्या अंकात बॅटमॅन पोचतो, पण उशिरा. कमरेच्या पट्ट्यातून काही निघत नाही. ग्रहण लागत नाही, वीज जात नाही. जिम अपारो यांनी काढलेलं ते चित्र, मेलेल्या मुलाला दोन्ही हातांवर घेतलेला बॅटमॅन, पुष्कळांना पाठ आहे. बावीस वर्षांपूर्वी ज्यांनी गळ्यात टॉवेल बांधला होता त्यांचं वय आता तिशीच्या आसपास असणार. त्यांतल्या किती जणांनी फोन उचलला आणि कोणता नंबर फिरवला, हे विचारायची माझी छाती नाही.

तरी यातही गंमत आहेच. कॉमिकवाल्यांना बॅटमॅन एकटा ठेवणं तेव्हाही जमलं नाही, १९८९ साली तिसरा मुलगा हजर झाला. आणि २००५ साली तो मेलेला जेसनसुद्धा जिवंत होऊन परत आला. म्हणजे हिशेब केला तर ही टांगणी सतरा वर्षांची झाली. शिंपल्याचे सहा दिवस त्यापुढे काहीच नव्हेत. आला तो चांगला उंच, तगडा होऊन आला, आणि भयंकर रागावून आला. त्याचा राग सगळा बॅटमॅनवर. मी मेलो आणि तू त्या जोकरला अजून जिवंत कसा ठेवलास, असं त्याचं म्हणणं. टेलिफोनच्या त्या दोन नंबरांबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नसावं.